अंगठ्यावरची पावलं

"आई, ही येतेय का जातेय?"

लेकीने उजव्या हाताचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरून विचारलं, तेव्हा माझ्या हातात टूथपिक होती आणि तिच्या टोकावरचा पांढरा रंग वाळत चालला होता. २०२४ सालातली ३० ऑक्टोबरची रात्र. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं स्वयंपाकघर, ओट्यावर चकलीचा सोऱ्या अजून धुवायचा पडलेला, टेबलावर जुना कागद अंथरून त्यावर तिचे दोन्ही पंजे. दहाव्या नखावर मी नुकतीच दोन पावलं काढली होती आणि प्रश्न त्या पावलांचा होता. "थांब, ओलं आहे, हलवू नकोस," असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. ती झोपायला गेली. मी सोऱ्या धुतला, बाटल्यांची झाकणं घट्ट लावली, रिमूव्हरचा वास जावा म्हणून खिडकी उघडली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

बेत साधा होता. दुसऱ्या दिवशी शाळेत हॅलोविनची मिरवणूक, ती चेटकीण होणार, टोपी आणि झगा तयार, फक्त नखं राहिली होती. दुकानात चिकटवायची तयार नखं मिळतात, पण तिला माझ्याकडून काढून हवी होती. "तू रांगोळी काढतेस ना, मग तुला येईल," हे तिचं कारण, आणि ते मला पटलं. टाचणीचं डोकं म्हणजे ठिपका, टूथपिक म्हणजे रेघ. याहून जास्त काही लागत नाही. पण रांगोळी माफ करते. चिमटीतून जास्त पडली तर तळव्याने पुसायची आणि पुन्हा ओढायची. नेलपॉलिशला स्वतःची घाई असते. पहिले काही क्षण ते आपणहून पसरतं, मग जरा वेळ आपलं ऐकतं, आणि नंतर टूथपिकबरोबर चिकाच्या तारेसारखं ओढलं जातं. मधल्या तेवढ्या वेळात काय ते करून घ्यायचं. तेही तुरीच्या डाळीएवढ्या करंगळीच्या नखावर. मी श्वास रोखून धरत होते, आणि मी रोखते म्हणून तीही रोखत होती.

आधी नखं रिमूव्हरने पुसून घेतली, कारण तिने नुकतीच चकली खाल्ली होती आणि तेलकट नखावर रंग धरत नाही. मग पारदर्शक बेस कोट. तो टाळून गडद रंग थेट लावला तर रंग नखात उतरतो आणि पुसल्यावर नख पिवळट दिसत राहतं. मग काळ्या रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण तसं केलं की वरचा थर आधी वाळतो, खालचा ओला राहतो, आणि अडकलेला द्रव वर यायला लागला की बुडबुडे उठतात. मधल्या बोटांवर कोळ्याचं जाळं होतं: नखाच्या एका कोपऱ्यातून पाच रेघा पंख्यासारख्या सोडायच्या, आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी त्या कोपऱ्याकडे झुकवत आणायच्या. कमानी उलट्या, बाहेर फुगलेल्या आल्या तर जाळं होत नाही, शिंपला होतो. तर्जनीला ममी; पांढऱ्या पट्ट्या मुद्दाम वाकड्यातिकड्या, मधे एक काळी फट आणि तिच्यात दोन डोळे. करंगळीला केशरी भोपळा, काळ्या त्रिकोणांचे डोळे. अनामिकेला भूत. पांढरा मोठा ठिपका टाकायचा आणि तो ओला असतानाच खाली तीन शेपट्या ओढायच्या. डोळे मात्र पांढरा पुरता वाळल्यावर, नाहीतर काळा पसरतो आणि भूत रडल्यासारखं दिसतं. डाव्या अनामिकेचं तसं झालंच. मी कापूस रिमूव्हरमध्ये बुडवून पुसायला निघाले तर तिने हात मागे घेतला. तिला ते रडणारंच हवं होतं.

तो वास. नेलपॉलिशचा वास मला नेहमी दोन ठिकाणी नेतो. पहिलं ठिकाण म्हणजे गाड्या रंगवायचं गॅरेज, आणि त्याला कारण आहे. १९२०च्या दशकात मोटारींना झटपट वाळणारा चकचकीत रंग आला तो नायट्रोसेल्युलोजचा, आणि नखांना चमक देणारंही तेच. १९३२ मध्ये रेव्हलॉन कंपनी उभी राहिली ती अशाच एका नखरंगाच्या जोरावर. दुसरं ठिकाण म्हणजे पुण्यातला आमचा फ्रीज. त्याच्या दारात, लिंबाच्या शेजारी, आईची लॅक्मेची एकुलती एक बाटली असायची, गडद मरून. लग्नकार्य असलं तरच ती बाहेर निघायची. दोन कार्यांच्या मधे घट्ट व्हायची, मग आई तिच्यात चार थेंब रिमूव्हर टाकून दोन तळव्यांमध्ये ताक घुसळल्यासारखी फिरवायची. मला फक्त डाव्या करंगळीला मिळायचं, कारण सोमवारी शाळेत नखं तपासायचे. रविवारी रात्री मी ते ब्लेडच्या पाठीने खरवडून काढायचे आणि मरून कपच्या गादीवर पडायच्या. आज माझ्यासमोर सात बाटल्या उघड्या होत्या आणि माझी मुलगी दहाही बोटं पसरून बसली होती. मला तिचा हेवा वाटला नाही, आनंद वाटला. तरी ती मरून करंगळी आठवून हात क्षणभर थांबला.

आठ नखं झाली. अंगठे उरले.

"आता आपल्याकडचं एक काढ."

आपल्याकडचं भूत. ती सहज म्हणाली. वाळेपर्यंत तिला हलू द्यायचं नाही म्हणून मी मघापासून तिला आजोळच्या गोष्टी सांगत होते, तेव्हा ही मागणी माझ्याच गोष्टींतून आली होती. मी टूथपिक पांढऱ्यात बुडवली आणि हात तसाच राहिला. मला मुंजा माहीत आहे. तो गुहागरकडच्या आमच्या आजोळी, चिऱ्याच्या विहिरीजवळच्या पिंपळावर राहायचा. मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला, म्हणून तो अडकला. तिन्हीसांजेनंतर त्या बाजूला कुणी जायचं नाही, आणि गेलंच तर वर बघायचं नाही. हडळ माहीत आहे. समोरून बाई येताना दिसली तर आधी तिचे पाय बघावेत, टाचा पुढे असतील तर एक शब्द बोलू नये. हे सगळं मला पाठ आहे. पण मुंजा दिसतो कसा? त्याचं नाक, त्याचे डोळे? आमच्या घरात कुणी कधी तो काढला नव्हता. तो सांगितलेला होता. मे महिन्यात वीज गेलेली, पडवीत कंदील, आजी फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली, आणि अशा वेळी ती त्याचं नावही घ्यायची नाही, "तो" म्हणायची. आठळ्यांचा तो ओलसर वास, कंदिलाच्या काचेवर आपटणारे किडे आणि तिच्या आवाजातला तो "तो". त्याला चेहरा असता तर कदाचित मी एवढी घाबरले नसते.

शिवाय नखं आणि भीती हे आजीच्या लेखी एकाच गाठोड्यातलं होतं. "दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत गो," ती म्हणायची, आणि दिवसा कापली तरी एकेक तुकडा वेचून घ्यायची. कागदात पुडी बांधून परसात, शेवग्याच्या पलीकडे पुरायची. केस आणि नखं कुणाच्या हाती लागू द्यायची नाहीत, त्यांच्यावर करणी करतात. आता मला करणीचं भय नाही. पण ती उकिडवी बसून लाल मातीवरून माझ्या नखांचे कपचे वेचते आहे, एक हरवला म्हणून पणतीएवढ्या जागेत पुन्हा पुन्हा बोट फिरवते आहे, हे दृश्य आठवलं की वाटतं, इतकं जपून माझ्या अंगाचं काही कुणी गोळा केलं नाही.

इथल्या भुतांची गंमत वेगळी आहे आणि मला ती मनापासून आवडते. ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत कुणी झाडाला पांढऱ्या चादरी बांधतं, कुणी गवतात थडग्याचे दगड रोवतं, आणि कोपऱ्यावरच्या घरासमोर होम डेपो ह्या घरसामानाच्या दुकानाने २०२० मध्ये आणलेला तो बारा फुटी सांगाडा उभा राहतो. ह्या भुतांना नाव नाही, गाव नाही, कुणाचं काय राहून गेलं म्हणून ती आली हे कुणी विचारत नाही. पण ती मुळात अशी गोड नव्हती. आयर्लंडमध्ये ह्या रात्री भोपळा नसायचा, सलगम कोरायचे. मेयो परगण्यातल्या तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या अशा एका सलगमाची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे. तिचा फोटो मी एकदा पाहिला. सुरकुतलेलं, दात विचकलेलं, मुठीएवढं तोंड. ते पाहून माझ्या पोटात तेच झालं जे पडवीत व्हायचं. मग ती माणसं दुष्काळात, गरिबीत बोटींतून इकडे आली, इथे त्यांना मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि त्यांच्या भुताचा चेहरा गोल झाला, हसरा झाला. कुणीतरी आई तेव्हाही टेबलाशी सुरी घेऊन बसली असेल. पोरांनी तिला "आपल्या गावचं काढ" म्हटलं असेल का, असं माझ्या मनात आलं.

डाव्या अंगठ्यावर मी शेवटी पिंपळाचं पान काढलं. हिरव्याचे दोन ठिपके शेजारी शेजारी टाकले आणि ओले असतानाच दोन्ही एकत्र खाली ओढले; बदाम झाला. टोक लांब काढलं, पिंपळाचं असतं तसं. शिरा पिनेच्या टोकाने. तिने नीट निरखून पाहिलं. "पण भूत कुठाय?" मी म्हटलं, "पानामागे." तिने अंगठा वळवून नखाच्या खालची बाजू बघितली, तिथे फक्त बोटाचं मांस होतं. ती काही बोलली नाही. दुसरा अंगठा मात्र तिने जरा सावकाश पुढे केला.

त्यावर मी पावलं काढली. पाऊल सोपं असतं. टाचेचा एक ठिपका, चवड्याचा एक मोठा, दोन्ही जोडले की तळवा, आणि वर पाच बारीक ठिपके, अंगठ्याचा थोडा मोठा. दुपारीच आम्ही दोघींनी दारात लक्ष्मीची पावलं काढली होती. इथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर त्यांचे छाप मिळतात, पण मी तिला मूठ पिठात बुडवून टेकवायला शिकवली, मुठीच्या कडेचा तळवा आणि बोटाच्या टोकांची बोटं. म्हणून नखावरची पावलं बघून ती लगेच म्हणाली, "ही तर लक्ष्मी!" मी म्हटलं, "लक्ष्मी आत येते. हिची बोटं बघ, नखाच्या टोकाकडे आहेत, तुझ्यापासून लांब." "म्हणजे ही जातेय." "नाही, ही हडळ. हिचे पाय उलटे. पावलं जाताना दिसतात, पण ती येत असते." समोर बसून दुसऱ्याची नखं रंगवताना सगळंच उलटं असतं. माझ्यासाठी सरळ काढलेलं भूत तिला खाली डोकं वर पाय दिसतं, म्हणून मी मघापासून तिचं मनगट फिरवत होते. पावलांच्या वेळी मी मनगट फिरवलं नव्हतं. माझ्या बाजूने बघितलं तर ती पावलं सरळ माझ्याकडे चालत येत होती. तिच्या बाजूने बघितलं तर निघून जात होती. ती गप्प झाली, अंगठा इकडून तिकडून फिरवून पाहिला, मग माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं.

येतेय का जातेय?

खिडकीशी उभी असताना मला आजीचं फाटक आठवलं. २०१९ चा मे. रिक्षा बाहेर थांबलेली, बॅगा गेलेल्या, आजी पडवीच्या पायरीवर. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "येते गं आजी." ती म्हणाली, "ये." निघताना "जाते" म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवलेलंही आठवत नाही, दूध पिताना यावं तसं ते आलेलं आहे. पाठ फिरवायची, पावलं बाहेर टाकायची आणि तोंडाने "येते" म्हणायचं. मुंबईच्या विमानतळावर आईला पहिल्यांदा सोडून निघाले तेव्हाही तेच म्हटलं, आणि इतक्या वर्षांत दर खेपेला तेच. पाऊस पडला नव्हता, अंगणातली लाल माती कोरडी, मऊ होती. माझ्या चपलांचे ठसे पायरीपासून फाटकापर्यंत नक्की उठले असणार, बोटं बाहेर, टाचा घराकडे. आजी ते बघत बसली असेल. दिवाळीनंतर फोन आला. मी पोचले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता आणि अंगण नवं सारवलेलं होतं.

हडळीला कुठे पोचायचं असेल, असं मला आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री वाटलं.

दुसऱ्या दिवशी ३१ तारीख. इथल्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी होतं. पुण्यात आईकडे ते १ तारखेला. त्या वर्षी न्यू जर्सीत ऑक्टोबरभर पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता आणि त्या दिवशी तर स्वेटर नको इतकं गरम होतं. दारातली पावलं पिठाची असूनही शाबूत राहिली. एका बाजूला पाट, लाह्या-बत्तासे, आईने पाठवलेलं चांदीचं नाणं. दाराशी चॉकलेटांनी भरलेलं पातेलं. आरती चालू असताना दोनदा बेल वाजली. नवऱ्याने घंटा वाजवत वाजवतच दार उघडलं आणि बाहेरच्या दोन वटवाघळांना ते फार आवडलं. मुलं येत होती, पणत्यांपाशी थबकत होती, पावलांवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत होती. सांगाड्याचे कपडे घातलेला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा मात्र खाली वाकला आणि ही कुणाची म्हणून विचारू लागला. चेटकीण झालेली माझी लेक उंबऱ्यात उभी होती. तिने इंग्रजीत सांगितलं ते असं, की ही एका देवीची आहेत, ती आज येणार आहे. मग तिने अंगठा पुढे केला. "आणि हिचं अजून नक्की नाही."

मुलाने अंगठा नीट पाहिला, मान डोलावली आणि चॉकलेट घेऊन गेला. अशी अक्कल मोठ्यांना क्वचितच असते.

बाकीची नखं आठवडाभरात गेली. जाळं पाण्याने सुटलं, भोपळे कडेने उडाले, रडणारं भूत एका बाजूने सोलत सोलत शेवटी नुसता डोळा उरलं. मी कापसाने सगळं पुसून काढलं. नखांच्या कोपऱ्यांत काळं थोडं राहिलंच. उजवा अंगठा तिने पुसू दिला नाही. दर दोन-तीन दिवसांनी माझ्यासमोर धरायची आणि मी त्यावर पारदर्शक हात मारायचे. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पंधरा दिवसांनी मुळाशी नव्या नखाची फिकट गुलाबी चंद्रकोर दिसायला लागली आणि पावलं टोकाकडे सरकली. ते तिच्याच लक्षात आलं. "आई, बघ, ती चालतेय." चालत होती खरी, आणि बोटं ज्या बाजूला होती त्याच बाजूला. मग हडळ नाही म्हणायची, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, कदाचित तिला कुणीतरी सरळ चालायला शिकवलं असेल.

मी आईला फोनवर हे सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "तुझ्या आजीला आवडलं असतं." थोडं थांबून, नेहमीसारखं, "तू येतेस कधी?"

नोव्हेंबरच्या शेवटी पुढचं पाऊल नखाच्या अगदी कडेला पोचलं. बोटांचे पाच ठिपके कडेच्या बाहेर निघाल्यासारखे, मागचं पाऊल अजून मधे. नख वाढून स्वेटरच्या लोकरीत अडकायला लागलं होतं. एका रविवारी ती नेलकटर घेऊन माझ्याकडे आली आणि अंगठा पुढे केला. ती स्वतःहून तयार झाली होती, कारण तिने फोटो काढून ठेवला होता. मी तिला जवळ घेतलं, दिव्याखाली तिचा हात धरला, नेलकटरचं तोंड नखाशी नेलं. मग खिडकीकडे नजर गेली. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्यापासून इथे पाचलाच पूर्ण अंधार होतो. देवापाशी तिनेच मघाशी दिवा लावला होता.

"उद्या सकाळी कापू," मी म्हटलं. "उजेडात."

ती बरं म्हणाली आणि नेलकटर माझ्या हातात ठेवून गेली. मी उठून टेबलाच्या खणातून एक कागद काढला, घडी घालून त्याची छोटी पुडी करून ठेवली.